गूळ कुणाचा

पोरीकडं अमेरिकेला जाऊन आलो त्याला आता दोन वर्षं होत आली. आल्यावर पाचोडच्या बाजारात, पारावर, ज्यानं त्यानं विचारलं, काय काय बघितलं? मी बर्फाचे डोंगर सांगितले, समुद्र सांगितला, रस्त्यावर पायी चालणारं माणूसच दिसत नाही हे सांगितलं. एक गोष्ट राहिली. दोनदा सांगायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मधेच मोसंबीच्या भावावर आलो. म्हणून आता लिहून काढतो.

पोरगी-जावई सिॲटलजवळ राहतात. जावई कंप्युटरमधले, शनिवार-रविवार सुट्टी. गाडी ठेवायची बंद खोली असते तिथं त्यांनी गॅसची मोठी शेगडी, स्टीलचं भलं मोठं पातेलं, नळ्या, थर्मामीटर असा पसारा मांडलेला. गेल्याच्या दुसऱ्याच शनिवारी मला म्हणाले, "मामा, आज बिअर करायची आहे. तुम्हाला घरात चालेल ना?" माझ्या गळ्यात माळ आहे हे त्यांना माहीत. मी म्हणालो, "पाव्हणं, घर तुमचं. मी नुसता बघत बसतो." खरं म्हणजे कुणी मोठ्या भांड्यात काही शिजवायला लागलं की मला घरात बसवत नाही. गुऱ्हाळावर वाढलेला माणूस मी.

तर त्यांनी काय केलं ते सांगतो. जव घेतले, म्हणजे बार्ली. मोड आणून वाळवलेले, भरडलेले. आपण नाचणीला मोड आणून सत्व करतो तसंच. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारी शक्ती दाण्यात तयार होते. हा भरडा कडक पाण्यात तासभर मुरू दिला, पाणी पासष्ट-सहासष्ट अंशांवर धरून. मग गाळून जे पाणी निघालं ते मला वाटीत दिलं. "मामा, अजून यात काही नाही, नुसतं धान्याचं पाणी आहे. चाखा." चाखलं. पातळ काकवीसारखं गोड. मग ते पाणी उकळायला ठेवलं आणि त्यात हिरव्या कांड्या टाकल्या, पशुखाद्याच्या असतात तशा, पण बारीक. हे हॉप्स. वेलीची बोंडं वाळवून, दळून, दाबून केलेल्या कांड्या. एक जिभेवर ठेवली तर कारल्याचा बाप. पण वास? नखानं मोसंबीची साल खरवडावी, अगदी तसा. पाचोडच्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही.

आणि मग त्यांनी साखरेचं पाकीट फोडलं. आपली चहातली पांढरी साखर. काट्यावर साडेचारशे ग्रॅम मोजली.

मी विचारलं, "एवढं गोड पाणी आहे, त्याला वरून साखर कशाला? आणखी गोड करायचं का?"

"उलट मामा. गोड होऊ नये म्हणून."

मला वाटलं जावई थट्टा करतात. पण त्यांनी समजावून सांगितलं आणि ते मला पटलं. धान्यातून जी साखर निघते ती सगळीच्या सगळी यीस्टला खाता येत नाही. थोडी मागं राहते. त्यानं पेयाला दाटपणा येतो, अंग येतं. साध्या बिअरला ते चांगलं. पण कडक बिअर करायची, सात-आठ टक्क्यांची, तर धान्य जास्त लागतं, आणि धान्य जास्त घातलं की मागं राहणारी साखरही जास्त. पेय चिकट, गुळचट होतं आणि त्यात ते हॉप्सचं कडूपण, तो मोसंबीचा वास बुडून जातो. म्हणून कडकपणाचा थोडा भाग धान्याकडून न घेता साखरेकडून घ्यायचा. साखर यीस्ट पुरी खातं. एकोणीस लिटरला साडेचारशे ग्रॅम टाकली की नशा सव्वा टक्क्याच्या आसपास वाढते, पण अंग वाढत नाही. हात मात्र आवरता ठेवायचा, सगळ्या मालाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. फार झाली तर पेय पाणचट होतं. काहीजण तर साखर सुरुवातीला घालतच नाहीत. आधी यीस्टला धान्य खाऊ द्यायचं आणि दोन-तीन दिवसांनी साखर द्यायची. आधीच सोपं खायला मिळालं तर ते अवघडाच्या वाटेला नीट जात नाही. पोरांचं असतं तसं.

"पिणाऱ्याला साखर कळते का?" मी विचारलं.

"बिलकुल नाही. साखरेचं नावही उरत नाही मागं. नुसती ताकद उरते."

हे वाक्य तेव्हा मी ऐकलं आणि सोडून दिलं.

शेवटी त्यांनी एका डबीतून चिमूटभर पांढरी पूड टाकली. यीस्टचं खत, म्हणाले. नुसत्या साखरेत यीस्टला नत्र मिळत नाही, म्हणून द्यावं लागतं. पोरीनं डबीवरचं नाव वाचून दाखवलं. डायअमोनियम फॉस्फेट. मी खो खो हसलो. अहो, डीएपी! पेरणी आली की ज्याच्यासाठी कृषी केंद्रापुढं रांगेत उभं राहायचं, ते डीएपी. ह्यांचं खाण्यातलं, शुद्ध केलेलं, एवढाच फरक.

मग मी आपल्याकडचा माणूस विचारील तेच विचारलं. "पोलीस?" जावई म्हणाले, इथंही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरी बिअर करायला मोकळीक नव्हती. १९७८ साली कार्टर अध्यक्ष असताना तसा कायदा झाला. दोन मोठी माणसं घरात असली तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर घरी करायची मुभा. विकायची नाही. आणि भट्टी लावून अर्क काढायचा नाही, तो तिथंही गुन्हाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला याकिमाला नेलं, डोंगर ओलांडून अडीच तासांवर. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स त्या खोऱ्यात होतात. पाऊस वर्षाला आठ इंचांच्या आसपास, आपल्यापेक्षा कितीतरी कमी. सगळं डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यावर, कालव्यांवर. अठरा-अठरा फुटांचे खांब, वर तारा, तारांना बांधलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर चढलेले वेल. मला आमच्या आजोळचा पानमळा आठवला. मादी वेल तेवढे ठेवतात. आणि कूळ कोणतं म्हणाल, तर भांगेचं. मी दिवसभर खूष होतो. तिथला शेतकरी भेटला असता तर पाण्याच्या पाळीचं विचारलं असतं.

रात्री परत आलो. चपला ठेवायला त्या खोलीचं दार उघडलं आणि वास आला. आंबूस, गोडसर, उबदार. कोपऱ्यातल्या पिंपाच्या नळीतून बुडबुड आवाज चाललेला. मी दार लावून घेतलं आणि तसाच अंधारात उभा राहिलो. हा वास मला तीस वर्षांपासून माहीत होता.

आता पाचोडला येतो.

आमच्या वडलांचं विहिरीवर दोन एकर ऊस आणि गुऱ्हाळ होतं. चुलवाणावर काहील, चिपाडाचं जळण. वडील गेल्यावर मी काही वर्षं चालवलं. गूळ पिवळाधमक निघाला तर आडतीवर भाव. पण एखादी काहील लागते, एखादा ऊस पडलेला असतो, पावसाळ्यात ढेपा पाघळतात. काळा पडलेला गूळ आडत्या बाजूला सारतो. असला गूळ घ्यायला ओढ्याकाठच्या वस्तीतली एक बाई यायची. नवरा ऊसतोडीला जायचा, तिकडंच ट्रॉलीखाली सापडून गेला. पदरी तीन लेकरं. मला दादा म्हणायची. "दादा, काळा असंल तर द्या, पिवळा काय करायचा मला." आडत्या देईल त्याच्यापेक्षा ती किलोमागं रुपया जास्त द्यायची, आणि रोख. ती त्याचं काय करते हे मला विचारायची गरज नव्हती. गावात कुणालाच नव्हती. पिंपात गूळ-पाणी, नवसागर, बाभळीची साल, आठवडाभर सडवायचं आणि मग भट्टी. वस्तीकडनं वारा आला की तो वास आमच्या मळ्यापर्यंत यायचा.

माळ तेव्हाही माझ्या गळ्यात होती. आषाढीला पंढरपूर, षष्ठीला पैठण चुकवत नव्हतो. दारू पिणाऱ्याला मी दोन शब्द सुनवायचो. गूळ मात्र विकायचो. गूळ म्हणजे गूळ, देवाच्या नैवेद्याला पण तोच, असं मनाला सांगितलेलं होतं.

१९९४ च्या उन्हाळ्यात एका सकाळी धाड पडली. कोणत्या ठाण्याचे लोक होते ते लिहीत नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पंच पाहिजेत म्हणून गावातून दोघांना बोलावलं, त्यात मी. शिकलेला, माळकरी, सही करणारा. गेलो. पिंपं मोजली, नवसागराची पुडी निघाली, मडकी निघाली. आणि छपराच्या आडोशाला गोणपाटाखाली गूळ. आमच्या गुऱ्हाळाची ढेप मला लांबून ओळखू येते, बुडाला फडक्याची घडी उमटायची तिच्या.

जमादार म्हणाला, "गूळ कुणाचा?"

ती उकिडवी बसली होती. तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, किती वेळ ते सांगता येत नाही, पण बघितलं. मग म्हणाली, "बाजारातनं आणला, सायेब."

"कोणत्या बाजारातनं?"

"पैठणच्या."

तसं लिहिलं गेलं. गूळमिश्रित रसायन जागेवर ओतून नष्ट केलं, हे लिहिलं गेलं. मातीत ते मुरताना पांढरा फेस राहिला आणि तिचा धाकटा पोरगा, सात-आठ वर्षांचा, त्या फेसाकडं बघत उभा. पंच म्हणून मी सही केली. शाळेत वळण चांगलं होतं माझं. सही झोकात आली.

जामिनाला माणूस मिळेना म्हणून ती पंधरा दिवस आत राहिली. मी जामीन राहू शकलो असतो. सातबारा होता माझ्याकडं. पण पंच जामीन कसा राहणार, हे कारण सापडलं आणि ते मी धरून ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली बिअर आणि वस्तीतली हातभट्टी एक कशी? एक नाहीच. हे मी स्वतःलाही सांगून बघितलंय. जावई अर्क काढत नाहीत, नुसतं आंबवतात. विकत नाहीत. पिंप धुवायला दोन तास घालवतात. भट्टीच्या दारूत कोण काय मिसळील याचा भरवसा नसतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, त्यात मिथेनॉल होतं. आणि विष नसलं तरी काय? माझाच सालगडी तिच्याकडं प्यायचा. सालाचे पैसे तिथं जायचे. त्याची बायको माझ्या मळ्यात रडत यायची, कपाळाला खोक घेऊन. भट्टी बंद व्हायला पाहिजे होती, असं ती बायको म्हणायची आणि तिचं खरं होतं. गरिबीची कीव करणाऱ्यानं हे विसरू नये.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. ऊस लावणारा आपल्यातला कोण सोवळा आहे? उसाची साखर होते, मळी उरते, मळीपासून कारखान्याशेजारीच मद्यार्क निघतो आणि त्याची देशी दारू सरकारी परवान्यानं गावात येते. मी सभासद म्हणून दिवाळीला सवलतीची साखर घेतो, ती त्याच उसाची. वाळूजला बिअरचे कारखाने आहेत, जायकवाडीच्या पाण्यावर. आपल्याकडं खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच, कायद्यानं आठ टक्क्यांपर्यंत. २०१२-१३ ला माझी तीनशे झाडं मोसंबी वाळली, खोडं तोडून जळणाला घातली. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं, की दारू-बिअरच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग साठ टक्क्यांनी कापा. गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं तर बायकांनी मतदान करायची सोय आली, आडवी बाटली. तिथं गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. त्या बाईचं पिंप आडवं करायला दोन पंचांच्या सह्या पुरल्या.

असे दोन्ही बाजूंचे हिशोब मी रात्री झोप लागेना तेव्हा मांडतो. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्हींचा माझ्या प्रश्नाशी फारसा संबंध नाही, हे मला त्या खोलीच्या दारात कळलं. सही करताना माझ्या मनात सालगड्याची बायको नव्हती. मालवणी तर पुढं एकवीस वर्षांनी झालं. कायदा बरा की वाईट, हेही नव्हतं. माझ्या मनात एकच होतं, की गुळाचं नाव निघू नये. आणि ते तिनं काढलं नाही. का काढलं नाही? पुढं गूळ मिळायचा बंद होईल म्हणून? की मला घाबरून? की दादा म्हणायची म्हणून? चांगुलपणा म्हणून मी ते तिच्या नावावर जमा करायला बघतो, पण ते सुद्धा मला सोयीचं आहे. चांगल्या बाईनं मला वाचवलं, असं म्हणलं की माझं मन हलकं होतं. ती कदाचित फक्त हिशोबी असेल. तीन लेकरांच्या आईला तेवढं असावंच लागतं.

जावयांचं वाक्य तेव्हा परत आलं. साखरेचं नाव उरत नाही, नुसती ताकद उरते. त्या बिअरमध्ये कडूपण हॉप्सचं म्हणून ओळखू येतं, रंग धान्याचा म्हणून ओळखू येतो, साखर कुणाला सापडत नाही. तरी डोक्याला चढते त्यात तिचा वाटा असतोच. सव्वा टक्का. जावयांकडं ते मोजायचं काचेचं तरंगतं यंत्र आहे. माझा वाटा किती टक्के, ते कशानं मोजायचं?

मी विकणारा, ती करणारी, सालगडी पिणारा, त्याच्या बायकोचं कपाळ. या चौघांत पाप वाटायला बसलो तर पिणाऱ्याच्या पदरात जास्त घालावं असं वाटतं, कारण हात त्यानं उचलला. पण तो शुद्धीत कधी होता? तिला लेकरं होती. बायकोचा तर दोषच नाही. ज्याचं पोट भरलेलं, डोकं शुद्धीवर आणि गळ्यात माळ, असा चौघांत एकच माणूस होता.

पंधरा दिवसांनी बिअर बाटल्यांत भरली. प्रत्येक बाटलीत परत जराशी साखर, फेस यावा म्हणून. जावयांचे मित्र जमले, सगळे आपलीच पोरं, नगरचा एक, नागपूरचे दोघं. एकानं मला विचारलं, "काका, गावाकडं गुळाची करतात ना? कशी करतात?" मी म्हणालो, "मला काय माहीत बाबा, मी माळकरी." पोरीनं माझ्याकडं बघितलं. लहान असताना गुऱ्हाळावर तीच वजनं मोजायची.

निघताना जावई म्हणाले, "मामा, पुढच्या खेपेला नाहीतर कुणी येणारं असलं तर त्याच्याबरोबर आपल्याकडचा काळा गूळ पाठवा. साखरेऐवजी घालून बघतो. गुळाचा थोडा स्वाद मागं राहतो म्हणतात."

ती बाई २००७ ला वारली. भट्टी तिनं परत लावली नव्हती, मोसंबीच्या तोडणीला जायची. माझ्या बागेत पण यायची. आम्ही कधी बोललो नाही त्यावर. तो धाकटा पोरगा आता पाचोडच्या मोसंबी बाजारात हमाली करतो, स्वतःची टोळी आहे त्याची, दहा-बारा माणसं. मला दादाच म्हणतो. माझा माल आला की आधी उतरवतो. मी कितीदा ठरवलं की त्याला बाजूला घेऊन सांगावं. काय सांगावं? त्याला माहीत असेल तर तो इतकी वर्षं गप्प आहे, आणि नसेल तर त्याच्या आईनं त्याला सांगितलेलं नाही. दोन्हींत मी तोंड घालणारा कोण, असं कारण मी याही वेळी शोधून ठेवलेलं आहे.

मागच्या महिन्यात पोरीचा फोन आला. त्यांच्या ओळखीतलं कुणीतरी पुण्याहून निघणार होतं. गुळाची आठवण केली. आमचं गुऱ्हाळ बंद होऊन जमाना झाला, म्हणून दुकानातून दोन किलोची काळी ढेप घेतली. पिशवीत घालून बाजारातून चाललो होतो, तर तो समोरून आला. पिशवीकडं बघितलं. वासानंच कळतं.

"दादा, एवढा काळा गूळ? कुणासाठी?"

"पोरीला पाठवायचाय," मी म्हणालो. "तिकडं मिळत न्हाई."